वहीत न लिहिलेली ओळ

मुक्ते, हे पत्र जरा निवांत बसून वाच. आणि तो लॅपटॉप आधी मीट. दिवाळीत पाच दिवस राहिलीस माझ्याकडं, त्यातले तीन दिवस त्या काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसलीस. कोणतं बटण कशाला लावायचं, कोणत्या अक्षरानं काय उघडायचं, माऊस म्हणून हातात धरायचा नाही, हेच चाललेलं. धपाटे गार झाले, दह्याला पाणी सुटलं, मी दोनदा हाक मारली, तर म्हणालीस, "आजी, एवढी एक ओळ टाकते आणि आलेच." मी उठून आत गेले. तुला वाटलं असेल, म्हातारी रागावली. राग नव्हता गं. आत जाऊन मी उगीच धुतलेलेच डबे पुन्हा पुसत बसले. निघताना तू विचारलंस, तुझ्या वेळची ती सेटिंगची फाईल आहे का कुठं, मला बघायचीय. मी नाही म्हणाले. फाईल खरंच नाही. पण तिच्यातली ओळ न् ओळ मला पाठ आहे, आणि त्यातल्या एकीबद्दल मी आजवर कोणाला बोलले नाही. तुझ्या आजोबांनाही नाही. तोंडी सांगायला गेले की मी भलतीकडंच वळते, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागं एका बोळात राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा आणि ओट्याला लागून नळ. पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली ती वर्षं. नळाला चौथ्या दिवशी पाणी, आणि तेही यायच्या आधी तासभर नुसती हवा. नळ आधी फुसफुसायचा, मग खोकायचा, मग मधेच एकदम गप्प व्हायचा. आईचा एक कान कायम तिकडं. खोकल्याचा सूर बदलला की ती भाकरी तव्यावर तशीच टाकून हंडा घेऊन पळायची. त्यामुळं आमच्या घरात भाकरी करपली म्हणजे पाणी आलं, असा हिशोबच झाला होता, आणि दादा, म्हणजे माझे वडील, करपलेला पापुद्रा बोटानं काढत म्हणायचे, "आज आंघोळ आहे वाटतं." त्या करपट भाकरीबरोबर येसराची, म्हणजे भाजल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी असायची, लालभडक, वर तेलाचा तवंग, आणि ती ओरपताना तिघांच्याही नाकातून पाणी. एका बाजूला ही अशी टंचाई, आणि दुसऱ्या बाजूला शहर मात्र फुगत चाललेलं. सिडकोत घरांच्या रांगा उठत होत्या, चिकलठाण्याकडं शेड उभे राहत होते, खेड्यापाड्यांतून माणसं येत होती. कोणी कामाला, कोणी नुसतं पाण्याला.

दादा कचेरीत नक्कलनवीस होते. जुन्या कागदांच्या नकला करायच्या, मोडी, उर्दू, मराठी, जे समोर येईल ते. त्यांचा हात देखणा होता, पण त्यांना अभिमान हाताचा नव्हता, सहीचा होता. नकलेत एखादं अक्षर चुकलं, खोडलं, तर त्याच ओळीसमोर समासात बारीक सही करायची, की ही खाडाखोड माझी. "सही नसलेली खाडाखोड म्हणजे चोरी," असं ते म्हणायचे. मी हे हजार वेळा ऐकलेलं होतं. म्हणून तर सांगते, मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी शिकले बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. चिकलठाण्यात एका छोट्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. ती कंपनी कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहून द्यायची. एक मोठं मशीन काचेच्या खोलीत, आणि बाहेर त्याला जोडलेले चार हिरवे पडदे. आमच्याकडं माणसांना पाणी चौथ्या दिवशी, आणि त्या मशीनला दिवसभर गार हवा. पहिल्या आठवड्यात मला त्या काचेच्या खोलीचाच राग यायचा, मग मी त्या मशीनची झाले. प्रोग्राम लिहायचा एडिटर होता तो तुमच्याच जातीचा, नुसता बटणांवर चालणारा. तेच बटण एका वेळी अक्षर उमटवणार आणि दुसऱ्या वेळी हुकूम पाळणार. इंग्रजी 'जे' दाबला की खाली, 'के' दाबला की वर, डी दोनदा दाबला की आख्खी ओळ गायब. शिकवणारं कोणी नव्हतं. सात पानांची एक झेरॉक्स होती, तिचा डावा समास काळा झालेला, त्यामुळं प्रत्येक ओळीतला पहिला शब्द अंदाजानं वाचायचा. घरी कणीक मळताना मी परातीच्या काठावर बोटं मारत बसायची. आई म्हणायची, "अगं, पीठ मळतेस की पेटी वाजवतेस?" सहा महिन्यांत माझी बोटं अशी पळायला लागली की पाठकसरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, मला टायपिस्टच्या खुर्चीवरून उठवून प्रोग्रामच्या कामाला बसवलं.

तिथं माझ्या शेजारच्या पडद्यावर वत्सला होती. वच्छी. सोयगावकडची, शेतकऱ्याची पोर, इथं कॉलेजात बी.एस्सी. झालेली, सिडकोत मामाकडं राहायची. तिकडं कपाशी दोन वर्षं जळालेली, घरचे म्हणत होते परत ये, लग्नाचं बघतो. तिनं त्यांना कळवलं होतं की दिवाळीपर्यंत मी नोकरीत कायम होते आहे, मग बोला. दिवाळीपर्यंत टिकायचं, एवढंच तिच्या डोक्यात. माझ्यापेक्षा हुशार होती, आकडेमोड तोंडी, पण बोटं हळू. तिची एक सवय होती. त्या पडद्यावर चोवीसच ओळी मावायच्या, आणि तिला आजूबाजूची गर्दी सहन व्हायची नाही. मग ती फाईल उघडली की नको त्या ओळी पुसून टाकायची, राहिलेलं चार ओळींचं डोळे बारीक करून तपासायची, कागदावर टिपण घ्यायची आणि सेव्ह न करता पुढच्या फाईलीकडं जायची. एडिटर तिथं अडवायचा, बदल सेव्ह केलेले नाहीत म्हणायचा. मग ती जोरात सांगायची, टाकून दे, आणि पुसलेलं सगळं जागच्या जागी परत.

"वच्छे, एखाद्या दिवशी मरशील अशानं," मी म्हणायची.

"मी कशाला मरते? पाटी पुसल्याबिगर मला दिसत नाय बघ. आन् ते अडवतंय की मला. लई इमानी हाये ते, तुझ्यापरीस."

हसायचो आम्ही. डब्यातली तिची शेंगदाण्याची चटणी आणि माझी आमटी अशी अदलाबदल चालायची. जेवताना ती मला प्रोग्राममधल्या माझ्या चुका सांगायची, सरांना कळायच्या आत.

आता ती ओळ. आम्हा चौघांना मिळून एकच लॉगिन होतं. त्यामुळं एडिटरची सेटिंगची फाईलही एकच, तिच्यात कोणी काही घातलं की ते चारही पडद्यांना लागू. म्हणून सरांनी एक रीत घातली होती. काचेच्या दाराशी सुतळीला एक वही टांगलेली. सामायिक गोष्टीला हात लावला की आधी वहीत लिहायचं, काय बदललं, कोणी, कशासाठी. मशीन सांभाळणारे रशीदभाई त्या वहीचे राखणदार. येता-जाता विचारायचे, "क्या सुमनबाई, वही में लिखे क्या? भूल गयी नक्को बोलो, बाद में मेरेकू सुनना पडता."

त्या दिवसांत जालन्याच्या एका बियाणं कंपनीचं काम चाललं होतं. कोणत्या शेतातलं बियाणं, किती उगवलं, कुठल्या चाचणीत कमी पडलं, त्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम. नऊ फाईली. सोमवारी ती माणसं बघायला येणार होती, आणि सर म्हणाले होते की सुमन, तू बसून दाखवायचं. माझ्या डोक्यात हवा गेली. मला वाटलं, माझी बोटं बघून ती माणसं थक्क झाली पाहिजेत. एका फाईलीतून दुसरीत जाताना दर वेळी आधी सेव्ह, मग पुढं, यात दोन-तीन बटणं वाया जायची. त्या झेरॉक्सवर शेवटच्या पानावर एक सोय दिली होती, की फाईल सोडताना एडिटरनं न विचारता स्वतःच सेव्ह करावं. शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता मी ती ओळ घातली. वही समोर लटकत होती. लिहिलं नाही. घाई होती म्हणून नाही, मुक्ते. लिहिलं असतं तर बाकीच्यांना कळलं असतं की सुमन एवढी भराभर कशी करते. ते मला नको होतं.

शनिवारी सकाळी सरांनी वच्छीला नऊही फाईली शेवटच्या वाचून काढायला सांगितल्या. मी माझ्या पडद्यावर, ती तिच्या; बाकीचे दोघे त्या दिवशी आले नव्हते. तासाभरानं ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "सुमे, आज मशीन लई शहाण्यावानी वागतंय गं. अडवतच नाय."

मी "हं" म्हणाले.

त्या "हं"चं काय करू, सांग. मला ऐकू आलं होतं. पण मी एका गुंतलेल्या जागी होते, म्हटलं, एवढं संपवते आणि बघते. एवढं एक. अर्ध्या तासानं ते संपलं, तेव्हा मी बघितलं. नऊच्या नऊ फाईलींची खोडं उरली होती. कुठं चार ओळी, कुठं अकरा. चार महिन्यांचं काम. त्यातला शेवटचा महिना तर कुठंच नाही; टेपवरची प्रत होती ती महिन्यापूर्वीची, कारण गेले तीन शनिवार टेप घ्यायच्या वेळेला लाईट नव्हती.

वच्छीनं मोठ्यानं ओरडावं तसं काही केलं नाही. ती नुसती म्हणत राहिली, "आसं कसं, आसं कसं." रशीदभाई धावत आले, मग सरांना बोलवायला गेले. तेवढी दोन-तीन मिनिटं होती. तेवढ्यात मी सेटिंगची फाईल उघडली, ती ओळ डी दोनदा दाबून काढली आणि सेव्ह केलं. माझ्या हाताला ते काम शिकवावं लागलं नाही. इतकी सफाई मी सोमवारी दाखवणार होते, ती शनिवारीच दाखवली, फक्त बघायला कोणी नव्हतं.

सर आले. ते ओरडणारे नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "वत्सलाबाई, नेमकं काय दाबलंत?"

"सर, मी ओळी काढल्या व्हत्या. नेहमीच काढते. पन सेव्ह नाय केलं. आईची शपथ नाय केलं."

"मग सेव्ह झालं कसं?"

"ते नेहमी अडवतं सर. आज अडवलं नाय."

सरांनी रशीदभाईंकडं बघितलं. रशीदभाईंनी वही उघडली, शेवटचं पान बघितलं, म्हणाले, "वही तो कोरी है साहब. किसीने हात नहीं लगाया." आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं का? सेटिंगच्या फाईलीला शेवटचा हात कधी लागला हे मशीनला विचारलं की मशीन सांगतं, आणि ते त्यांना विचारता येत होतं. त्यांनी विचारलं नाही. मी त्याबद्दल पुढं वीस वर्षं त्यांच्याशी नजर चुकवून वागले.

सरांनी एडिटर बंद करून पुन्हा चालू केला, एक नवी फाईल उघडून त्यात दोन अक्षरं टाकली आणि पुढं जायचा हुकूम दिला. एडिटरनं अडवलं. अडवणारच. सरांनी खुर्ची मागं सारली. तेव्हा वच्छी माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता गं, तेच सगळ्यात वाईट. मदत मागावी तसं तिनं विचारलं, "सुमे, तू हाईस ना हितं सकाळपासनं. सांग की. अडवतं ना ते नेहमी?"

"अडवतं," मी म्हणाले.

एक शब्द, आणि तोही खरा. नेहमी अडवतं म्हणजे आजही अडवलं असणार, म्हणजे हिनंच काहीतरी भलतं दाबलं असणार. मी तिच्या बाजूनं बोलतेय असं दिसलं आणि तिच्या विरुद्धचा शेवटचा पुरावा मीच दिला. मी उठले आणि तिच्यासाठी माठातलं पाणी आणलं. पेला तिच्या दातांवर वाजत होता, तो आवाज मला अजून ओळखीचा आहे.

घरी गेले तर नळ खोकत होता आणि आई ओट्यावर बसली होती. मी अर्धंच सांगितलं, वच्छीच्या हातून फाईली गेल्या म्हणून.

"तुझी नोकरी शाबूत आहे ना?" आई म्हणाली.

"आहे."

"मग हातपाय धू आणि जेव. कशाला तोंड पाडतेस?"

दादा आत दिव्याची वात सारखी करत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "आणि त्या पोरीचं काय झालं?" मी म्हणाले, "पंधरा दिवस घरी बस म्हणालेत." ते पुन्हा वातीकडं वळले. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं, सुमन, तुझी सही आहे का गं त्यात कुठं, तर मी रडत सगळं ओकले असते. पण बापानं विचारावं आणि मग आपण खरं बोलावं, ही वाट बघणंही एक पळवाटच. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, आता कळतं.

रविवारभर बसून मी टेपवरची जुनी प्रत आणि प्रिंटआउट जुळवून पाच फाईली परत उभ्या केल्या. सोमवारी जालन्याची माणसं आली, जेवढं होतं तेवढं बघून गेली, पुढची मुदत दिली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सुमननं लाज राखली." महिन्याभरात मला कायम केलं. वच्छी पंधरा दिवसांनी परत येणार होती, पण मामानं आठव्या दिवशीच तिला सोयगावच्या एस.टी.त बसवून दिलं, आणि घरच्यांनी उन्हाळ्याच्या आत लग्न उरकलं. मला पत्रिका आली होती. गेले नाही. तिच्या जाण्यातून एक सुधारणा मात्र झाली, सरांनी आम्हाला प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. आणि माझं लॉगिन मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती ओळ माझ्या फाईलीत परत घातली. होय. सोयीची होती. पुढं निवृत्त होईपर्यंत वापरली. तू मला चांगली समजतेस, म्हणून हेही लिहिते.

ती मला एकदाच भेटली. तुझा बाप शाळेत होता, त्याला घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो होतो, आणि फर्दापूरला जेवायला थांबलो. पत्र्याची खानावळ, चुलीवर पिठलं रटरटतंय, आणि भाकऱ्या थापणारी बाई वर बघते तर वच्छी. काय तो आनंद तिला! पिठाच्या हातांनीच मला मिठी मारली, माझ्या साडीवर दोन पांढरे पंजे उमटले. नवऱ्याला ओरडून सांगितलं, "आवो, ही सुमी! माझ्यासंगं मशीनवर व्हती ती!" आम्हाला गरम गरम वाढत राहिली. मधेच फोन वाजला, कोण्या पर्यटकांच्या गाडीचा असेल, तर ही चार पावलांवर असून तिनं उचलला नाही, आतून सासूला हाका मारल्या. मी म्हणाले, "घे की उचलून."

"नाय बया. मशीनीला मी हात लावत नाय. रेडिओचं बटन बी पोरगी फिरवते." मग अगदी सहज, भाकरी उलटता उलटता म्हणाली, "माझा हातच वाईट हाये, सुमे. तवा बघितलंस ना तू. सेव्ह केलं नाय म्हनले मी, पन हातानं केलंच आसंल की. मशीन कशाला खोटं बोलंल?"

मुक्ते, नोकरी गेली, शहर गेलं, हे मला ठाऊक होतं आणि त्याची मी माझ्यापुरती समजूत घातली होती, की लग्न तर व्हायचंच होतं, गाव तर तिचं होतंच. पण तिनं स्वतःच्या हाताला गुन्हेगार ठरवलं आणि तशीच जगत राहिली, हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच बोलायला हवं होतं. तुझे आजोबा घड्याळ बघत होते, तुझा बाप लेण्यांसाठी हट्ट करत होता, आणि मी म्हणाले, "असू दे गं, जुनं झालं ते." तिनं वाटेसाठी धपाटे बांधून दिले. मी ते खाल्ले सुद्धा.

गेल्या महिन्यात फर्दापूरहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाला मी विचारलं. ती आहे. खानावळ आता मुलगा चालवतो, ही बाहेर बाजेवर बसलेली असते. मुलगा म्हणे मोबाईल घेऊन देतो म्हणतो, ही घेत नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही, आणि तिच्याशी फोनवर बोलायचं म्हटलं तर तो दुसऱ्या कोणाच्या हातात असणार. मला तिच्यासमोर बसायचं आहे, तिचा तो हात माझ्या हातात घेऊन सांगायचं आहे की हा नव्हता, हा होता. पण मला माझी खात्री नाही. मी तिथं जाईन, पिठलं खाईन, नातवंडांची चौकशी करीन, आणि "जुनं झालं" म्हणून उठून येईन. तू सोबत पाहिजेस. ती ओळ काय होती, ती काय करते, हे तिच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवायला तुझा तो लॅपटॉपही पाहिजे, त्यासाठी खुशाल आण. आणि मी विषय बदलायला लागले की मला कोपरानं ढोसायचं. दिवाळीची वाट बघू नकोस. आम्ही दोघीही आता दिवाळ्या मोजण्याच्या वयाच्या नाही. या शनिवारी निघ, रविवारी सकाळी आपण फर्दापूरला जाऊ. ये गं, लवकर ये.